उलटा हत्ती

माझ्या क्लासच्या पिशवीत नेहमी वजीरच कमी असतो. प्यादी हरवली तर समजू शकतो. ती आठ-आठ असतात, बारकी असतात, खिशात जातात, बाकाखाली घरंगळतात. पण वजीर? पटावरचा एवढा उंच, मुकुटवाला, डोळ्यात भरणारा मोहरा, आणि नेमका तोच सापडत नाही. माझा संशय असा आहे की लहान पोरांना तो आवडतो आणि ती तो मुठीत धरूनच घरी जातात. एकदा एका आईने धुवायच्या कपड्यांतून दोन वजीर काढून मला परत आणून दिले होते. त्या दिवशी मला दिवाळी झाल्यासारखं वाटलं.

वजीर नसला की आम्ही काय करतो ते आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. प्यादं चालत चालत समोरच्या शेवटच्या घरात पोचलं की त्याचा वजीर होतो, एवढं बुद्धिबळ न खेळणाऱ्यालाही माहीत असतं. आता पटावर जादा वजीर कुठून आणायचा? मग मेलेला हत्ती उचलायचा, डोक्यावर उभा करायचा, तोंडाने "वजीर" म्हणायचं आणि खेळ पुढे चालू. पानठेल्यावर, शाळेच्या व्हरांड्यात, लग्नातल्या पाहुण्यांच्या बिछायतीवर, भंडाऱ्यापासून लाखांदूरपर्यंत सगळीकडे हेच चालतं. उलटा हत्ती म्हणजे वजीर. मी असाच शिकलो आणि असंच शिकवलं.

स्पर्धेत मात्र हे चालत नाही. तिथला नियम स्पष्ट आहे. हत्ती उलटा ठेवला तरी तो हत्तीच, तुम्ही तोंडाने काहीही म्हणा. वजीर हवा असेल तर पटाशेजारचं घड्याळ थांबवायचं, हात वर करायचा आणि पंचांकडून मागून घ्यायचा. अर्ध्या मिनिटाचं काम. हा नियम मला माहीत होता. हे वाक्य आज मी आपणहून लिहितो आहे. ज्यांनी विचारलं त्यांना मी वेगळंच सांगितलं होतं.

माझं आयुष्य दोन पिशव्यांत मावतं. एकीत गुंडाळायचे पट आणि सोंगट्या, ती क्लासची. दुसरीत दोन शर्ट, टॉवेल, घड्याळ आणि औषधं, ती स्पर्धांची. आठवड्यातले तीन दिवस मी जिल्ह्यात शिकवतो आणि उरलेल्या दिवसांत जिथे स्पर्धा असेल तिथे जातो. लोकांना वाटतं, खेळाडू म्हणजे विमान, हॉटेल, गळ्यात पदक. आमच्यासारख्यांची स्पर्धा म्हणजे कुठल्यातरी शाळेचा हॉल, पंख्यांची घरघर, मंगल कार्यालयातली सतरंजी आणि समोर दहा वर्षांचं पोरगं, जे दोन चालींच्या मध्ये केळं खातं आणि तुम्हाला हरवून आईकडे पळत जातं. मी चांगला खेळाडू आहे, मोठा नाही. हा फरक कळायला मला पंधरा वर्षं लागली आणि पचायला अजून लागताहेत. मोठा खेळाडू हरला की डावावर चिडतो. माझ्यासारखा हरला की आख्ख्या जगावर चिडतो, पंख्यावर, खुर्चीवर, चहावर. आणि जिंकायची वेळ आली की कुठून जिंकतोय ते बघत नाही.

असाच एक डाव मी एकदा जिंकलो. समोर एक म्हातारे गृहस्थ होते, गोंदियाकडचे. डोक्यावर टोपी, शर्टाच्या खिशात चष्म्याची डबी. चाल करताना ते पुटपुटायचे आणि मोहरा इतका हळू ठेवायचे की जणू तो झोपलेला आहे. त्यांनी मला स्वच्छ खेळून हरवत आणलं होतं. त्यांचं एक प्यादं शेवटच्या घरात पोचलं. त्यांचा आधी मेलेला वजीर माझ्या मुठीत होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मेलेला हत्ती घेतला, उलटा ठेवला, "वजीर" म्हणाले आणि घड्याळ दाबलं.

मी काही बोललो नाही. चटकन माझी चाल केली. त्यांनी त्या उलट्या हत्तीने तिरपा शह दिला, आणि मग मी घड्याळ थांबवून हात वर केला.

पंच आले. म्हाताऱ्यांना आधी गंमत वाटली. "अहो, उलटा हत्ती म्हंजे वजीर नाही का?" ते हसत म्हणाले. पंचांनी नियम सांगितला. मोहऱ्याला हात लागला होता, त्यामुळे तोच चालवणं भाग होतं, आणि तोही हत्तीसारखा सरळ. त्या एका चालीत त्यांचा जिंकलेला डाव गेला. त्यांनी भांडण केलं नाही. हात मिळवला, सोंगट्या पुन्हा नीट मांडून ठेवल्या आणि चष्मा डबीत ठेवता ठेवता विचारलं, "तुम्ही पोराईले शिकवता म्हनते ना?"

"हो."

"मंग त्याईले हे आधी सांगजा, बापू."

मी हो म्हणालो. त्या स्पर्धेत मला बक्षीस मिळालं. परत येताना गाडीत मी ही गोष्ट सोबतच्या खेळाडूंना तिखटमीठ लावून सांगितली आणि सगळे पोट धरून हसले.

त्या आठवड्यात जवाहरनगरला माझा क्लास होता. फॅक्टरीच्या क्वार्टरांतली मुलं, शिस्तीची, वह्या घेऊन बसणारी. मी म्हाताऱ्यांना दिलेला शब्द पाळायला निघालो. नियम सांगितला आणि नियमासोबत माझा पराक्रमही सांगितला. सांगताना मला वाटलं मुलं टाळ्या वाजवतील. दोन वेण्या घातलेली एक मुलगी पहिल्या रांगेत बसायची. तिने हात वर केला आणि विचारलं, "सर, तुम्हाला नियम माहीत होता तर तुम्ही त्यांना आधीच का नाही सांगितलं?"

मी म्हणालो, स्पर्धेत असं नसतं. ती म्हणाली, "मग कसं असतं?" बाकीची मुलं माझ्याकडे बघत राहिली. मी फळ्यावर घोड्याच्या चाली काढायला घेतल्या. त्या बारक्या पोरीने मला भर वर्गात उघडं पाडलं होतं, आणि मला तिचा राग आला होता. हे लिहायला लाज वाटते, पण राग आला होता हे खरं आहे. त्यानंतर मी ती गोष्ट पुन्हा कुठल्याही क्लासमध्ये सांगितली नाही. गोष्ट नाही म्हणून नियमही नाही. नियम सांगायला लागलो की ती गोष्ट घशाशी यायची. आणि उलटा हत्ती चालूच राहिला, कारण पिशवीत वजीर कमीच होते.

लाखनीचा क्लास रविवारी असायचा. हायवेला लागून एक हार्डवेअरचं दुकान होतं. पाइप, पाण्याच्या मोटारी, ताडपत्र्या, खिळे, धानाला मारायचे फवारणी पंप. दुकानदारांनी मागची गोदामाची खोली मला रविवारी फुकट दिली होती. पाइपांच्या चळतीमध्ये सतरंजी टाकून आम्ही बसायचो. बाहेरून ट्रक गेला की पटावरची प्यादी थरथरायची. दुकानदारांची मुलगी त्या क्लासात सगळ्यात आधी येऊन बसायची, कारण तिला फक्त एक दार ओलांडायचं असायचं.

ती बुद्धिबळ माझ्याआधी ट्रकवाल्यांकडून शिकली होती. शेजारी टायरचं दुकान होतं. टायर निघून बसेपर्यंत ड्रायव्हर लोक दुकानाच्या ओट्यावर पट मांडायचे आणि ही फ्रॉकमधली पोर त्यांच्या मांडीशी बसून बघायची. पहिल्या दिवशी तिने मला विचारलं, "सर, राजा एकदा घोड्यासारखा उडते ना?" देशी खेळात उडतो. मी तो नाद मोडला, किल्लेकोट म्हणजे कॅसलिंग शिकवलं, नोंद लिहायला शिकवली. देशी खेळातलं सगळं मी तिच्या हातातून काढलं, एक सोडून.

शिकवणाऱ्याच्या आयुष्यात असा विद्यार्थी एकदाच येतो आणि तो आला हे कळायला वेळ लागत नाही. ती शह देताना कधी मोठ्याने बोलायची नाही. हरली की रडायची नाही, पुढच्या रविवारी तोच डाव मांडून ठेवायची आणि म्हणायची, "इथं चुकली मी." चौदाव्या वर्षी ती मला हरवायला लागली. पहिल्यांदा हरवलं तेव्हा ती माझ्याकडे बघेना. मला वाईट वाटेल म्हणून. मला वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त आनंद झाला. इतका निखळ आनंद मला माझ्या स्वतःच्या कुठल्याही डावाने दिला नाही.

तिच्या वडिलांना खेळातलं काही कळत नव्हतं. तरी मागच्या खोलीतून माझा आवाज त्यांच्या कानावर पडायचा आणि त्यांनी चार गोष्टी उचलल्या होत्या. गिऱ्हाईक नसलं की दारात येऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "हत्ती उलटा केला म्हंजे वजीर झाला, बरोबर ना सर?" मी म्हणायचो, बरोबर. ते खूश होऊन परत गल्ल्यावर जायचे.

ती बारावीत गेली त्या वर्षी त्यांनी मला बसवून घेतलं. नागपूरच्या एका कॉलेजात खेळाडूंसाठी जागा होत्या, होस्टेलसकट. राज्य पातळीवर खेळलेल्यालाच त्या मिळायच्या. मुलीने तो कागद कुठूनतरी आणून वडिलांसमोर ठेवला होता.

"सर, मी आडवा माणूस नाही," ते म्हणाले. "राज्यावर गेली तर जाऊ दे नागपूरले. मी सोता सोडून येतो. नाही गेली तर इथलंच कॉलेज. दुपारून दुकानावर बसन. अन् मंग पाहू."

"मंग पाहू" म्हणजे काय ते आम्हा तिघांनाही कळत होतं. पाहुणे आत्तापासूनच येऊन जात होते. ती दारात उभी राहून वेणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. वडील आत गेल्यावर ती मला म्हणाली, "सर, मले इथं पाइप मोजत नाही बसायचं." तिने असं मागितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मी म्हणालो, नाही बसणार तू. आपण राज्यावर जाऊ.

ते चार महिने मी स्वतःच्या स्पर्धा सोडल्या. आठवड्यात तीनदा लाखनीला जायचो. तिच्या सुरुवातीच्या चाली पक्क्या केल्या, घड्याळ लावून शेवटचे खेळ घटवून घेतले. प्यादी पळवायचे डाव तर इतके खेळवले की तिला ते झोपेतही आले असते. तुझं प्यादं आधी पोचतं की समोरच्याचं, एवढाच त्यात प्रश्न असतो. प्यादं पोचलं की ती हात लांब करून मेलेला हत्ती घ्यायची, उलटा ठेवायची, घड्याळ दाबायची. मी म्हणायचो, "अजून लवकर." म्हणजे मी तिला ती चूक नुसती करू दिली नाही, तिच्याकडून ती घोटून घेतली.

विभागाच्या निवड स्पर्धेला तिचे वडीलही आले. दुकान बंद ठेवून. पोळ्याशिवाय त्यांचं दुकान बंद मी कधी पाहिलं नव्हतं. पहिल्या दोघी मुली राज्यावर जाणार होत्या. शेवटच्या फेरीपर्यंत ती तिसरी होती आणि शेवटचा डाव दुसरीशीच पडला. जिंकली तर राज्य, बाकी काही झालं तरी घर. इतकं सरळ होतं.

प्रशिक्षकांना आणि पालकांना हॉलमध्ये जाऊ देत नाहीत. आम्ही दोघं बाहेरच्या व्हरांड्यात खिडकीच्या जाळीला चिकटून उभे होतो. तिचा पट खिडकीपासून दोन टेबलं पलीकडे, म्हणजे मोहरे स्पष्ट दिसत होते. समोरची मुलगी शहरातली, क्लास लावलेली, पाठ ताठ ठेवून बसलेली. दुपार होत आली तशी हॉलमधली टेबलं एकेक करून रिकामी झाली आणि यांच्या पटावर थोडेच मोहरे उरले. दोघींचीही प्यादी पळत होती. मी बोटांवर घरं मोजली. पुन्हा मोजली. आमचं एक चाल आधी पोचत होतं. आणि वजीर झाला की पुढच्याच चालीला तिरपा नेऊन मात होती. मला ती मात दिसली आणि हसू आवरेना.

"काय झालं?" वडिलांनी विचारलं.

"जिंकतेय," मी म्हणालो.

त्यांनी जाळी दोन्ही हातांनी धरली.

तिचं प्यादं शेवटच्या घरात पोचलं. घड्याळात तिच्याकडे मिनिटभरही नव्हतं. टेबलावर जादा वजीर ठेवलेला नव्हता. तिचा मेलेला वजीर समोरच्या मुलीच्या मुठीत होता. मुद्दाम धरला होता की सवयीने, मला माहीत नाही. मी त्या म्हाताऱ्यांचा धरला होता तो मुद्दाम.

मला तिचा हात सुटताना दिसला. घड्याळाशेजारी मेलेल्या मोहऱ्यांचा ढीग होता, तिकडे तो निघाला, आणि तो काय उचलणार आहे हे मला तो पोचायच्या आधी कळलं. ओरडावंसं वाटलं. बाहेरून कुणी एक शब्द बोललं तर मुलीचा डाव जातो. तसाही जाणारच होता, हे आज कळतं. पण मी ओरडलो नाही ते नियमासाठी नाही. ओरडलो असतो तर शेजारी उभ्या माणसाला कळलं असतं की मला माहीत आहे.

तिने हत्ती उलटा ठेवला. ओठ हलले. घड्याळ दाबलं.

"झाला वजीर!" वडील हळूच म्हणाले. "उलटा हत्ती. झाला ना सर?"

समोरच्या मुलीने क्षणभर त्या हत्तीकडे पाहिलं आणि काही न बोलता आपलं प्यादं पुढे ढकललं. ते बघणं मी ओळखलं. आमच्या मुलीने तो हत्ती तिरपा उचलून मात होणाऱ्या घरात ठेवला आणि खुर्चीला पाठ टेकली. चार महिन्यांत तिची पाठ खुर्चीला टेकलेली मी पाहिली नव्हती. दोन-तीन सेकंद ती नागपूरला पोचली होती.

मग समोरच्या मुलीने घड्याळ थांबवलं आणि हात वर केला.

पंच आले, वाकून बघितलं, काहीतरी समजावलं. आमची मुलगी मान हलवत होती, नाही नाही म्हणत असावी. पंचांनी तो हत्ती उचलून परत प्याद्याच्या घरात ठेवला, आणि ठेवताना सरळ केला. त्यांची काही चूक नव्हती. मग तिने मान वर करून खिडकीकडे, माझ्याकडे पाहिलं. ती मदत मागत नव्हती. खरं आहे का, एवढंच विचारत होती. मी खाली माझ्या चपलांकडे बघितलं.

हत्तीला हात लागला होता, म्हणून हत्तीच चालवावा लागला. समोरच्या मुलीच्या प्याद्याचा वजीर झाला. तिने मात्र पंचांना हाक मारून खरा वजीर मागून घेतला. पुढे सहा-सात चाली झाल्या असतील. आमची मुलगी प्रत्येक चाल नीट लिहीत राहिली. अक्षरही बिघडलं नव्हतं, मी नंतर तो कागद पाहिला.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली, मध्ये वडील, कडेला मी. भंडारा जवळ आल्यावर वडिलांनी विचारलं, आवाज न चढवता, "सर, असा नियम आहे तर तुम्ही तिले सांगतला नाही काहून?"

त्या माणसाने चिडून विचारलं असतं तर कदाचित मी खरं बोललो असतो. पण ते साधेपणाने, माहिती विचारावी तसं विचारत होते. मी म्हणालो, "नवीन नियम दिसतोय. मलाही माहीत नव्हता."

त्यांनी थोडा विचार केला. "तुमालेच माहीत नाही तं तिले कसा असन," ते म्हणाले. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून वर मलाच धीर दिला, "जाऊ द्या सर. तुम्ही लय मेहनत केली." बसस्टँडवर त्यांनी मला चहा पाजला. मुलगी चहा नको म्हणाली. ती बाकावर बसून दुसरीकडे बघत होती. तिने माझं बसमधलं बोलणं ऐकलं होतं आणि त्यावर विश्वास ठेवला होता. त्या वेळी मला त्यातच सुटल्यासारखं वाटलं. इतका मी खालच्या दर्जाचा माणूस निघालो.

लाखनीचा क्लास हळूहळू बंद पडला. आधी ती यायची बंद झाली, मग बाकीची मुलं कमी झाली, मग खोलीत फवारणी पंपांची खोकी आली. ती तिथल्याच कॉलेजात जायला लागली. बसमधून जाताना मला दुकानात गल्ल्यामागे तिचं डोकं दिसायचं. मी मान वळवून दुसऱ्या बाजूचे ट्रक बघायचो. पुन्हा स्पर्धांना जाऊ लागलो. आता कुणाचा मेलेला मोहरा मी हातात धरत नाही, घड्याळाजवळ उभा करून ठेवतो. समोरच्याला हे माझं चांगलं वळण वाटतं.

क्लासमध्ये मात्र मी आता पहिल्याच दिवशी तो नियम सांगतो. गोष्ट वगळून.

गेल्या वर्षी तिच्या वडिलांचा फोन आला. मुलीचं लग्न ठरलं होतं. दिघोरीकडचं घर, धानाची शेती, मुलगा चांगला. "पत्रिका तुमच्या हातात देईन, टपालानं नाही पाठवत. या एकदा दुकानावर." नाही म्हणता आलं नाही. मी नागपूरहून स्पर्धेचा असतो तसा चांगला वजनदार संच मागवला, ज्यात दोन्ही रंगांचे दोन-दोन वजीर असतात. का मागवला ते मलाही नीट सांगता येणार नाही. भेट म्हणून काहीतरी न्यायला हवं होतं, आणि दुसरं काही सुचलं नाही.

दुपारची वेळ होती. वडील समोर कुणा शेतकऱ्याला मोटार दाखवत होते, त्यांनी लांबूनच हात केला. ती गल्ल्यावर होती. उठली, खुर्ची दिली. मी डबा पुढे केला. तिने झाकण उघडलं आणि जुन्या सवयीने मोहरे मोजले, बोट न लावता, नुसत्या नजरेने.

"दोन-दोन वजीर आहेत," ती म्हणाली.

"हो. आता असेच येतात."

तिने एक वजीर उचलला, तळाला चिकटवलेली हिरवी बनात बघितली, परत ठेवला. मग माझ्याकडे न बघता, पाइपाच्या वळकटीवर टेप लावता लावता बोलायला लागली. तिच्या कॉलेजात एक मुलगी होती. आधी जवाहरनगरच्या क्वार्टरात राहायची. वडील रिटायर झाल्यावर त्यांनी इकडे गावाला घर बांधलं. दोघी एका बाकावर बसायच्या.

"तीबी तुमच्याकडंच शिकली, सर. तिनं मले त्या गोंदियाच्या आजोबाची गोष्ट सांगतली. उलट्या हत्तीची."

रस्त्यावरून एक लांब ट्रक गेला आणि डब्यातले मोहरे खुळखुळले. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिने मान हलवली, बोलू नका अशा अर्थाने. रागाने नाही. त्या दिवशी हॉलमध्ये पंचांसमोर हलवली होती तशीच.

"दोन वर्सं झाले मले माहीत होऊन," ती म्हणाली. "बाबाले नाही सांगतलं. बाबा तुम्हाले लय मानते."

तेवढ्यात वडील त्या शेतकऱ्याला घेऊन आत आले. हातात पत्रिका होती, हळदीकुंकू लावलेली. त्यांनी ती दोन्ही हातांनी मला दिली, पाया पडायला वाकले, मी मागे सरकलो. मग त्यांनी त्या अनोळखी शेतकऱ्याला माझी ओळख करून दिली.

"हे आमच्या पोरीचे सर. पोरगी यांच्यामुळं राज्याच्या दारापर्यंत गेली होती. एका नियमानं गेलं. पन मानूस पाहा. सोताच म्हनाले, मलेच माहीत नव्हता. असं कोन कबूल करते हो आजकाल?"

शेतकऱ्याने मला नमस्कार केला. शेजारच्या टपरीवरून चहा आला. तिने पहिला कप उचलून माझ्या हातात दिला, आणि त्या शेतकऱ्याला किती फूट पाइप पाहिजे ते विचारून मोजायला बसली.